बाबांचे अठ्ठावीस गुण

बदलापूर (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२५

चि. वैदेही,

आशीर्वाद. मी बरी आहे. पाणी एक दिवसाआड येतं. माझ्या गुडघ्याची चौकशी दर वेळी करू नकोस, तो आहे तसाच आहे.

तुझा मेल वाचला. बाबांच्या एमआरआयमध्ये स्मृतीचा भाग आक्रसलेला दिसतो, तरी चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस गुण. म्हणून तुमच्या संशोधनातल्या कॉम्प्युटरच्या मते त्यांच्या मेंदूची राखीव ताकद चांगली आहे, औषधाची घाई नाही. आणि म्हणून तू या महिन्याअखेरची सुट्टी रद्द केलीस.

ती राखीव ताकद म्हणजे मी.

मार्चमध्ये उल्हासनगरला कॅम्प तीनच्या तपासणी सेंटरवर स्मरणशक्तीची पहिली चाचणी झाली, तेव्हा बावीस गुण पडले. मी शेजारीच बसले होते. लक्षात ठेवायचे पाच शब्द किराणाच्या यादीमागे उतरवून घेतले. तू बजावलं होतंस, ‘आई, त्यांना काही शिकवू नकोस.’ मी सहा महिने रोज चहानंतर शिकवलं. कंदील, चिंच, सुई, पूल, जांभळा. वार, तारीख. शंभरातून सात-सात वजा.

शेजारची कीर्ती दारातून म्हणाली, “काकू, काकांची दहावी आहे का?”

“तुझी झाली ना? मग जा,” म्हटलं.

सप्टेंबरमध्ये तीच प्रश्नपत्रिका आली. तेहतीस वर्षं शाळेत मुलांच्या कॉप्या पकडल्या आणि त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून यांच्या निकालासाठी जीव मुठीत धरला होता.

तुला वाटेल, हट्टाने केलं. तसं नाही. तेवढा अर्धा तास ते माझ्याशी बोलायचे. एरवी दिवसभर घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो.

परवा शुक्रवारी डॉक्टरांना मी स्वतः सांगणार आहे. नवी प्रश्नपत्रिका द्या म्हणेन. तू तुमच्या संशोधनातून तो अठ्ठावीसचा आकडा काढून टाक. उपचाराचे दोन महिने माझ्यामुळे वाया गेले. त्याबद्दल बोलायचं असेल ते समोर येऊन बोल.

काल दुपारी जेवताना बाबांनी मला विचारलं, “ताई, तुम्हाला मुलंबाळं?”

“एक मुलगी. बंगळुरूला असते.”

“येते का?”

“येते,” म्हटलं.

“मग बरं आहे तुमचं.”

मी सांगितलं ते खरं की खोटं, हे आता तू ठरवायचं.

तुझी,
आई