बॅटरीचं पाणी

खुटबाव, मंगळवार, दिवेलागण

आज मी नवऱ्याच्या थोबाडीत मारली, सासूबाईंसमोर. एक नाही, तीन.

कामावरून आले तर लेकीची, सुजाताची किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू आली. पोरीच्या मानेवर नायटा झालाय. सासूबाईंनी तो काथ्याने रक्त येईस्तोवर घासला होता, आन् हे त्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं पाणी, म्हणजे ॲसिडच, लावत होते.

"आमच्या येळंला असाच जाळायचे," सासूबाई म्हणाल्या.

मी डबडं हिसकून भिंतीवर आपटलं, यांना मारलं आणि पोरीला नळाखाली धरलं.

तिला तशीच घेऊन पाटसला गेले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "जखम भरली की मलम सुरू करा. डाग गेला तरी मधेच सोडू नका. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घरात आणखी कुणाला खाज आहे?"

"नाही," मी म्हणाले.

टॉवेल आमचा एकच, लाल. आधी मी अंग पुसते, मग सुजाताचं. माझ्या कमरेला, परकराच्या नाडीखाली, चार महिन्यांपासून गोल चट्टे आहेत. लाजेपायी कुणाला दाखवले नाहीत.

लाल टॉवेल आत्ताच चुलीत घातला. हे सुजलेला गाल धरून बघत राहिले.

सुजाता विचारते, "आई, मला नायटा बाबांनी दिला का?"