एका रिव्हॉल्वरच्या दोन वाटण्या

मी, इमोजीन रूथ हॅकवर्थ, कै. डेल्मर हॅकवर्थ यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार पायनी फोर्क, मिसूरी राज्य, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करीत नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने करीत नाही. मला धाक घालू शकेल असा एकच माणूस होता आणि तो चार वर्षांपूर्वी वारला. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मजकूर थोडक्यात ठेवावा, अशी सूचना माझ्या वकील श्रीमती टॅकेट यांनी केली होती. ती मी ऐकून घेतली.

कलम १. राहते घर, मागचे कुरण आणि बँकेत जे काही उरेल ते माझी मुलगी लोर्ना आणि मुलगा वेन्डेल यांना निम्मे-निम्मे. कुरणाच्या टोकाला मातीचा उंच ढिगारा आहे, तो कोणी सपाट करू नये. आम्ही तिथे नेम धरतो आणि नेम चुकला की गोळ्या त्याच मातीत जातात. आमच्या घरात माती बऱ्याच गोळ्या खाते.

कलम २. पिकअप गाडी चर्चला द्यावी. तिचा दुसरा गिअर शिव्या घातल्याशिवाय पडत नाही, तेव्हा पाद्रीबाबांनी ती स्वतः चालवू नये.

कलम ३. मिसेस युनिस प्रॅट यांनी चर्चच्या पायरीवर चारचौघींत म्हटले होते, "नवरा गेल्यापासून इमोजीनच्या डोक्यावर परिणाम झालाय. दिवसभर शेडमध्ये कानस घासत बसते." त्यांना माझी ॲपल पायची पत्र्याची थाळी द्यावी, भोके पडलेली. त्यातले मधोमध पडलेले भोक माझे आहे. त्यावरून त्यांनी सावकाश बोट फिरवावे.

कलम ४. डेल्मरचे अडतीस बोअरचे रिव्हॉल्वर.

याला थोडी जागा लागेल. हे रिव्हॉल्वर डेल्मरला एका शेतावरच्या लिलावात, बिजागऱ्यांनी भरलेल्या बादलीच्या तळाशी सापडले. लिलाव बिजागऱ्यांचा होता. ज्या काळात ते बनले, त्या काळी असली रिव्हॉल्वर हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांशेजारी मिळत. गरिबाची वस्तू. निकेलचा मुलामा सोलवटलेला, मूठ तडकलेली, आणि वरचा खटका उचलला की सगळी नळी पुढे दुमडून खाली येते, काडतुसे भरायला. डेल्मर रात्रीचे जेवण झाले की ते खोलून बसायचा. दोनदा बिघडल्याशिवाय ते एकदा चालत नसे आणि त्यातच त्याचा जीव रमायचा. दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघे ढिगाऱ्यासमोर पायच्या थाळ्या टांगून ते झाडत असू. नियम एकच होता: काडतुसे डेल्मरने काळी दारू घालून घरी भरलेली. दुकानातली नव्या, बिनधुराच्या दारूची काडतुसे त्यात बरोबर बसतात, पण ती फार जोराने रेटतात. म्हाताऱ्या लोखंडाला ते सोसत नाही.

डेल्मर गेला त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याने घरी भरलेली काडतुसे संपली होती. लोर्नाने दुकानातून डबा आणला, नंबर तोच. वेन्डेलने भरली आणि चाप ओढला. खटका तुटला, नळी उसळली आणि गरम वाफ वेन्डेलच्या गालावर आली. डोळा वाचला.

"बाबांच्या रिव्हॉल्वरसाठी हे आणलंस तू?"

"आणलं मी. भरलं कुणी? डब्यावरचं वाचता येत नाही तुला?"

"तू वाचलं असतंस तर आणलंच नसतंस."

त्या दिवसापासून माझी मुले एकमेकांशी बोलत नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या सणाला लोर्ना दुपारी येते, वेन्डेल रात्री, आणि मी एकच टर्की दोनदा गरम करते. मला याचे फार वाईट वाटते. हे मी दोघांना वेगवेगळे सांगून पाहिले, आता कायदेशीर भाषेत सांगते.

त्या हिवाळ्यात मी शेडमध्ये डेल्मरच्या कामाच्या बाकाशी बसले. तोपर्यंत मी आयुष्यात कानस धरली नव्हती. ट्रॅक्टरच्या जुन्या पोलादी पट्टीतून नवा खटका घासला. पहिला सैल झाला, दुसरा बंदच होईना, तिसरा कुठे पडला ते अजून कळलेले नाही. चौथा बसला. काडतुसांचा गोल सिलिंडर फिरवणारे पोलादी बोटही झिजले होते, त्यामुळे सिलिंडरचे भोक नळीसमोर येऊन नीट थांबत नसे. तेही केले. मग जुन्या टायरला रिव्हॉल्वर बांधले, चापाला लांब दोरी लावली आणि अक्रोडाच्या झाडामागे उभी राहून ओढली. आवाज झाला, धूर झाला, खटका जागेवर होता. मी झाडाला धरून रडले. शेजारची ओपल डिकी तेव्हा हजर होती आणि तीही रडली, जरी तिला खटका म्हणजे काय ते ठाऊक नव्हते.

तर वाटणी अशी: सांगाडा, नळी आणि मूठ वेन्डेलला. सिलिंडर लोर्नाला. एकाला दुसऱ्याशिवाय गोळी झाडता येणार नाही. वेन्डेल, तू दुसरा सिलिंडर मागवशील, मी तुला ओळखून आहे. तो आत जाईल आणि नळीसमोर थांबणार नाही. या स्वस्त रिव्हॉल्वरांतला एकेक भाग हाताने घासून आपल्याच जोडीदारापुरता बसवलेला असतो. मला माझी दोन्ही मुले एका कुरणात उभी हवी आहेत. माझी बाकी काही इच्छा नाही.

कलम ५. कानशी, लोखंड पकडायचा व्हाइस आणि बाक, सगळे दोघांचे. बाकाचे तुकडे करू नयेत.

कलम ६. हे कलम नंतर जोडले आहे. मेल्यावर लोकांची तोंडे बघता येत नाहीत, म्हणून कलम चारची प्रत मी दोघांना आधीच पाठवली. वेन्डेलचा फोन आला, "आई, रिव्हॉल्वर काय केक आहे का कापून वाटायला?" लोर्ना म्हणाली, "तू कायद्याने आमचे कान पिळतेयस."

"हाताने पिळले असते, पोरी," मी म्हटले, "पण तुम्ही दोघं एका वेळी सापडता कुठं?"

गेल्या शनिवारी वेन्डेल न सांगता आला. म्हणे पन्हाळी साफ करायची आहे. तो शिडीवर असताना लोर्नाची गाडी आली. तिच्या हातात बंदुकीच्या दारूचा डबा होता. तो खाली उतरला आणि स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले. मी बटाटे सोलत होते, ते सोलतच राहिले.

"डबा बघू," वेन्डेल म्हणाला.

तिने सरकवला. त्याने चष्मा लावला.

"मोठ्यानं वाच," लोर्ना म्हणाली. "या वेळी दोघांनी ऐकू दे."

त्याने वाचले. काळी दारू, तिच्या दाण्याची जाडी, वजन, बनवल्याचे ठिकाण, सगळे. शेवटी, "लहान मुलांपासून दूर ठेवा."

"हे आपल्यालाच लिहिलंय," लोर्ना म्हणाली.

वेन्डेल हसला. चार वर्षांत मी ते हसणे ऐकले नव्हते. मी नळ सोडला आणि उगाचच भांडी धुतली. नंतर तिघांनी बसून काडतुसे भरली आणि कुरणात गेलो. वेन्डेलचा नेम चुकला, लोर्नाचा चुकला, माझाही चुकला. रिव्हॉल्वर पूर्वीसारखेच डावीकडे मारते. त्यावर काही इलाज करू नये.

सबब कलम चारमधील वाटणी मी रद्द करते. रिव्हॉल्वर अखंड, दोघांच्या मालकीचे. एकाने भरावे, दुसऱ्याने डब्यावरचे मोठ्याने वाचावे.

ज्यांना वारसा मिळतो त्यांनी साक्षीदार होऊ नये असे श्रीमती टॅकेट म्हणतात, म्हणून सह्या होईपर्यंत लोर्ना आणि वेन्डेल यांना बाहेर ओसरीवर काढले आहे. येत्या ऑक्टोबरात पहिली गोळी कोणाची यावरून त्यांचे जोरात भांडण चालले आहे. श्रीमती टॅकेट यांनी खिडकी लावू का म्हणून विचारले. मी म्हटले, राहू दे उघडी.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

(सही) इमोजीन रूथ हॅकवर्थ

साक्षीदार:
१. (सही) ओपल डिकी, शेजारीण
२. (सही) क्लेटस बार्नहार्ट, पशुखाद्याचे दुकानदार

स्थळ: पायनी फोर्क, स्वयंपाकघर
दिनांक: मंगळवार, १७ सप्टेंबर २०१९