टाकीतले वीस टक्के

ता. ७ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू तिकडच्या डेपोत वर्कशॉपची मुख्य, मी इकडे स्टिअरिंगवरचा. पण हात काळे करणाऱ्या आपणा सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. गाड्या बदलतात कोण? ज्यांनी जन्मात चाकाला हात लावलेला नाही ते! आणि आम्हाला कळतं कधी? किल्ली हातात पडल्यावर! गेल्या महिन्यात आमच्या डेपोतून डिझेलच्या सहा बस गेल्या आणि प्रोपेनवर चालणाऱ्या सहा आल्या. प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचं सख्खं चुलतभावंड, एवढं मला ठाऊक. बाकी कोणी तोंडाने सांगितलं नाही. भिंतीला एक कागद डकवला, तोही असा बारीक की मुंगीला चष्मा लागावा.

गाडी वाईट नाही, खोटं कशाला बोलू? धूर नाही, आणि इंजिन इतकं गप्प की थांब्यावरची माणसं पाठ करून गप्पा छाटत राहतात. पण टाकी! पहिल्या दिवशी पूर्ण भरा म्हटलं, काटा ऐंशी टक्क्यांवर अडला. दुसऱ्या दिवशी ऐंशी. सहाही गाड्यांत ऐंशी! मग मी गेटवर स्टुलावर चढलो आणि दीडशे लोकांसमोर विचारलं, की वरचे वीस टक्के कोणाच्या घशात जातात? टाळ्यांनी शेडचे पत्रे हादरले.

आता अडचण ऐक. पंपावर गॅस भरतात ते आपले व्याही. मी नाव घेतलं नव्हतं, पण पंपावर माणूसच एक. साहेबांनी त्यांना घरी बसवलंय, शनिवारी चौकशी आहे. सूनबाई माझ्याशी बोलत नाही. चहा आणते आणि कप असा आपटते की अर्धा चहा बशीत. असो. तत्त्व म्हणजे तत्त्व! तुमच्याकडे दोन वर्षं याच गाड्या आहेत. वीस टक्के कसे लांबवतात ते कळव, शनिवारी तोंडावर मारतो.

तुझी वहिनी नमस्कार सांगते, आणि माझं डोकं तपासून घ्यायलाही सांगते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ९ एप्रिल

चि. भोंग्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग व्याह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि हसू विरलं. अरे, गावातलं वाचनालय पालथं घातलंस, आणि भिंतीवरचा एक कागद वाचवेना?

वीस टक्के कोणी खात नाही. ती जागा रिकामीच ठेवायची असते. प्रोपेन टाकीत दाबाखाली पातळ होऊन बसलेलं असतं, ऊन लागलं की फुगतं. दूध काठोकाठ भरून पातेलं आचेवर ठेवशील का? ऐंशी झाले की टाकीतली झडप आपली आपण मिटते. व्याह्यांनी देव पाण्यात ठेवले तरी पुढे थेंब जाणार नाही. लिटरमागे किलोमीटर थोडे कमी पडतात, हे मात्र खरं. पण तो इंधनाचा गुण, माणसाची चोरी नव्हे. उलट माझ्या मेकॅनिकांना विचार. पूर्वी घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. आता होत नाही.

बदनामी स्टुलावरून केलीस, आता माफी कानात कुजबुजून चालणार नाही. शनिवारची वाटही बघू नकोस. त्या माणसाने तीस वर्षांत कोणाला उलट उत्तर दिलेलं नाही, म्हणून तर तुझं फावलं. सूनबाईला माझा आशीर्वाद, आणि कप जपून आपट म्हणावं. आठवण ठेवतोस तशी अक्कलही ठेव.

तुझी ताई

ता. १३ एप्रिल

ती. ताईस, साष्टांग, आणि या वेळी खरोखरच जमिनीवर पडून.

तुझं पत्र परवा आलं. मी सरळ भिंतीपाशी गेलो. चौथ्याच ओळीत ऐंशी टक्के छापलेलं! दुपारी स्टुलावर चढलो आणि म्हणालो, की चोर कोणी नव्हता, आंधळा मी होतो. टाळी एकही नाही. मागून एका कंडक्टरने विचारलं, की मग ते वीस टक्के तुमच्याच डोक्यात भरलेत का? माणसं पोटभर हसली. मीही हसलो, ताई, पण कान तापले होते. साहेबांनी चौकशी रद्द केली आणि व्याह्यांना कामावर बोलावलं.

ते आलेच नाहीत. काल घरी गेलो तर कुंडीतली माती उकरत बसलेले. उठले नाहीत. मातीकडे बघतच बोलले, की माफी राहू द्या. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळलं तर खाली साचतं आणि एका ठिणगीने भडकतं. आणि आमच्या वर्कशॉपच्या खड्ड्यात मेकॅनिक गाडीखाली उभे असतात, तिथे तळाशी हवा ओढणारा पंखाच नाही. गाड्या आल्यापासून त्यांनी तीन अर्ज दिले, एकाचं उत्तर नाही. त्यांचा आवाज साहेबांच्या दारापर्यंत पोचत नाही, माझा दोन गल्ल्या ओलांडतो. तो घसा या कामाला लागला, तर ते पंपावर येतील.

मी सकाळी स्वतः खड्ड्यात उतरलो. पंखा नाही! ज्याला मी चोर ठरवलं, तो एकटाच दुसऱ्यांच्या जिवाची काळजी वाहत होता. मेकॅनिकांशी बोललो, पंखा बसेपर्यंत या सहा गाड्या खड्ड्यावर घ्यायच्या नाहीत असं एकमताने ठरलं. गुरुवारी साहेबांपुढे व्याही आणि मी शेजारी बसणार आहोत. बोलणार ते, मी फक्त आवाज वाढवणार. पण हातात पक्की माहिती हवी. आरडाओरड्याची किंमत मला कळली आहे.

म्हणून ताई, हे पत्र घडी करायच्या आधी तुमच्या खड्ड्यात उतर. पंखा तळापासून किती उंचीवर आहे, ठिणगी न पडणारी मोटर कोणत्या जातीची आहे, ते मोजून, लिहून, खाली सही ठोकून आजच्या टपालाने पाठव!

तुझा धाकटा