मोटारीतली ऊब

३ जानेवारी १९३४, सोलापूर
मोटार घेतली. विलायतेला परत चाललेल्या साहेबाची. जुनी आहे, पण मागच्या सीटच्या पायाशी हीटर आहे! इंजिनाची धुराची नळी एका पेटीतून जाते, पेटी तापते, वर जाळी. आख्ख्या सोलापुरात सुताच्या एकाही व्यापाऱ्याकडे असा हीटर नसेल.
नीलम्मा बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी आहे. सासूबाईंचं म्हणणं, थंडीत तान्ह्या पोरीला गावाबाहेर काढायची नाही. आता बोला म्हणावं. तार केली : येत्या रविवारी मोटार घेऊन येतो, आत बाळंतिणीच्या खोलीची ऊब.

६ जानेवारी
टेस्ट. इमामसाब ड्रायव्हरने मोटार पहाटे होटगीच्या रस्त्याने नेली, मी मागे. अंगात ऊब होती, पाय गार. (अंगावर दोन चादरी होत्या.) म्हणजे हीटर निम्मा चालू आहे. तार : पुढच्या रविवारी.

१० जानेवारी
दोष सापडला. पेटीची झडप उघडायचा जो दांडा आहे तो घट्ट बसलाय. इमामसाब म्हणाला, तेल सोडून एक दिवस थांबू. मी म्हणालो, सायन्सला थांबणं माहीत नाही. ओढला. दांडा हातात आला. एक अनावश्यक पार्ट कमी झाला.

१४ जानेवारी
संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेत सगळे बायकापोरांसह. मी एकटा शेंगा खात हिंडलो. मुलीची फार आठवण झाली. बारशाला पाहिली तेव्हा झोपलेली होती, डोळे कसे आहेत तेसुद्धा माहीत नाही.
तार : रस्त्याला गर्दी, थांब.

२२ जानेवारी
पेटी खोलली. आत उंदराचं घरटं, त्यात माझ्याच दुकानातलं सूत. इमामसाबच्या मते मोटारीला दृष्ट लागली आहे. त्याने लिंबू बांधलं. असल्या अडाणीपणाला मी उत्तर दिलं नाही. लिंबू राहू दिलं.
माझी कल्पना : बाळंतिणीला शेगडीवर ओवा-बाळंतशोपांची धुरी देतात, तर पेटीतच ओवा-बाळंतशोपा भरल्या तर? ऊब आणि औषध एकदम! आजवर कुणाला सुचलं कसं नाही, नवल आहे.

२३ जानेवारी
भरल्या. धूर झाला, ऊब नाही. टिळक चौकात मोटार थांबली तर शेजारच्या दानम्मा काकू खिडकीशी येऊन विचारू लागल्या, कुणाची सुटका झाली, मुलगा का मुलगी? इमामसाब खाली मान घालून हसत होता. उद्यापासून त्याच्याशी कामापुरतं बोलायचं.

४ फेब्रुवारी
हीटरचा नाद सोडला. मोटारीत सरळ कोळशाची शेगडी ठेवली. ऊब उत्तम. खड्डा आला. सीट जळाली. तत्त्वतः प्रश्न सुटला आहे, फक्त खड्ड्यांचं बघायला हवं.
तार : आठ दिवसांत नक्की.

१२ फेब्रुवारी
सासऱ्यांचं, नागप्पाअण्णांचं पत्र : पोर आता मान धरते. मोटार काय धरते?
उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. तार तेवढी केली : थांब.

१ मार्च
होळी. विजय! पेटी पुन्हा खोलून नळीला तीन भोकं पाडली, झडप काढून फेकली. जाळीवर हात ठेववत नाही. इमामसाबचा जोडा चिकटला.
बंद कसा करायचा हे अजून ठरलेलं नाही. पण बंद करायला हवाच कशाला?

८ एप्रिल, अक्कलकोट
नवी सीट यायला महिना गेला. आज निघालो. बाहेर रस्ता तापलेला, आत हीटर. आम्ही पाय वर घेऊन बसलो, म्हणजे मी बसलो, इमामसाबला ती सोय नव्हती. तो वाटेत दोनदा उतरून विहिरीवर पाय बुडवून आला. मला मात्र यंत्राचा अभिमान वाटला.
सासूबाई मोटारीत डोकावल्या आणि पदराने वारा घेत मागे सरल्या. म्हणाल्या, हितं पापड वाळत घालावेत, पोरीला न्हाय घालायची.
मी नीलम्माला म्हणालो, थंडीत तुला न्यायला मी काय कमी धडपडलो? ती मुलीला थोपटत म्हणाली, "थंडी कवाच गेली. आई म्हणाली, जा आता. ट्रंक भरून मी रेल्वेनं निघाले हुते. तुमची तार आली, थांब. तुमी म्हणालात म्हणून थांबले की."
मोटारीचे खालचे दोन बोल्ट घट्ट करायचे होते, ते करायला गेलो. बोल्ट घट्टच होते.

९ एप्रिल, सोलापूर
तिघं रेल्वेने आलो. मोटार इमामसाब रात्रीच्या गारव्यात आणील. (अजून आलेला नाही.)
मुलीचे डोळे नीलम्मासारखे आहेत. माझ्याकडे बघून आधी रडली, मग दमून मांडीवर पडून राहिली. होटगी जवळ आलं तसं पायांना हळूहळू ऊब लागू लागली. ना जास्त, ना कमी. जानेवारीपासून मला हवी होती ती नेमकी हीच, आणि तीही काही न खोलता. नीलम्माला तसं सांगितलं. तिने वाकून बघितलं, मुलीला उचललं आणि म्हणाली, धोतर बदला.