मोशीची तहान भागली म्हणे!

मोशी, गुरुवार

चि. जयदीपराव यांस,
सासऱ्याचे अनेक आशीर्वाद. आपली आणि प्राजक्ताची प्रकृती ठणठणीत असणारच, आपल्याकडे नळाला पाणी येतं. आमची विचारू नये. जावयाला अरेतुरे करायची आपल्या घराण्यात रीत नाही, नाहीतर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

परवा आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर आपल्याच हातचा (प्राजक्ताने फोनवर कौतुकानं सांगितलं) आठ कॉलमी मथळा वाचला: 'मोशीची तहान भागली!' खाली फोटोत आमदार अण्णासाहेब आमच्या नव्या नळाला हार घालताहेत. हार ताजा आहे, नळ कोरडा आहे. त्याच सकाळी आम्ही एकतीस जण रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसलो होतो (शेजारच्या मुमताजभाभींची दोन नातवंडं धरून). ते कुठं आलं? दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, राशिभविष्याखाली: 'महिलांमुळे मोशीत वाहतूक कोंडी'. त्या महिलांत आपल्या सासूबाई होत्या! विरोधकांच्या पेपरनं आमचा 'हजारोंचा आक्रोश' केला. तेही खोटंच, पण त्यांनी निदान हंडे तरी छापले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळून घेतलं असतं. पण काल टँकर आलाच नाही. पाण्याच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या साहेबांनी आपला पेपर माझ्यापुढं टाकला. "काका, तहान भागली की तुमची. टँकर बंद केलाय." मी म्हटलं, "आवो, नळाला थेंब न्हाई!" तर म्हणाले, "पेपरात तसं आलेलं नाही."

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. आपल्या सासूबाई दुखरे गुडघे घेऊन समोरच्या सोसायटीतून कळशी वाहताहेत आणि आपण एसीत बसून उद्गारचिन्हं वाटता! लाज कशी वाटत नाही? (हे मथळ्याला विचारतोय, जावयाला नाही.)

राग आहेच, लोभही आहे असं लिहायची पद्धत आहे.

आपला,
सोपानराव

ता. क. खुलासा छापू नका. खुलासा सातव्या पानावर येतो आणि ते पान पाण्याच्या ऑफिसातले साहेब उघडत नाहीत. पहिल्या पानावर ठळक छापा: 'मोशीला रोज दोन टँकर, अण्णासाहेबांचा शब्द'. त्यांनी असा शब्द दिलेला नाही. पण टँकर पेपर वाचूनच सुटतो, हे आता मला समजलंय.

ता. ता. क. अण्णासाहेबांचा फोटो हवा तेवढा मोठा टाका. शेजारी आपल्या सासूबाई हसत उभ्या राहतील. रस्त्यावर बसून त्यांनी अण्णासाहेबांचा जो उद्धार केला, तो मात्र आपल्या घरातच राहू द्या.