यूशिवायचा क्यू

४ मार्च
नात हरली! बावीस गुणांनी. मोबाइलवरचा इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. ती तिच्या घरून, मी इथं आरामखुर्चीतून. वर्ष होत आलं. माझा नियम एकच: शब्द लावला की खाली त्याचा मराठी अर्थ लिहायचा. कवितेच्या तासाला आमचे मास्तर तेच करायला लावायचे. अर्थ न सांगता शब्द वापरला की बाकावर उभा!

६ मार्च
शाळेत शिकलो, क्यू कधी यूशिवाय घराबाहेर पडत नाही. केवढी निष्ठा, वाटायचं! आता शब्दकोश चाळतो तर हा खुशाल एकटा हिंडतोय. वहीत यादीच केली. 'कनात': आपली तंबूची नव्हे, जमिनीखालून पाणी नेणारा कालवा. 'ची': प्राणशक्ती. मग फकीर, काझी, बुरखा... दुर्मिळ शब्द शोधायला निघालो आणि भेटली सगळी ओळखीचीच मंडळी, नुसती क्यूची टोपी घातलेली.

९ मार्च
आज नातीनंही तसलाच, शेवटी एकटा क्यू असलेला शब्द लावला: 'ट्रँक'. खाली अर्थ: "गुंगी आणणारे औषध. उदाहरणार्थ, आजोबांचे दुपारचे कवितावाचन."
दहा वर्षांची पोर, आणि 'उदाहरणार्थ' लिहिते! आमच्या हिला दाखवलं. म्हटलं, "रक्तात आहे!" ही चष्मा पुसत म्हणाली, "रक्तातच आहे हो." आणि पदराआड हसली. हसण्यासारखं काय?
मधली पिढी गाळून उतरलं म्हणायचं. चिरंजीवांनी घर बदलताना माझी शाळेतली कवितेची पुस्तकं रद्दीत घातली. सगळी! मी म्हणालो, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस." इतका आज्ञाधारक मुलगा — चार वर्षं बोललेला नाही. फोन येतो तो आईला. "त्यांना सांग, गोळ्या घ्या म्हणावं." "त्याला सांग, घेतल्या."

१० मार्च
'कनात' लावला. चौतीस गुण!

१४ मार्च
नातीचा निरोप: "हा डाव शेवटचा. यापुढे वेळ मिळणार नाही."
चौथीतल्या मुलीला कसली एवढी कामं! वही मिटली. पुन्हा उघडली. दुपारी आता करायचं काय?

१६ मार्च, रविवार
नात फोनवर आजीशी बोलत होती. न राहवून फोन हिसकावला.
"का गं, खेळ का सोडतेस?"
"कुठला? तो? तो तर मी केव्हाच सोडला, आजोबा. बाबा खेळतात ना, माझ्या नावानं!"
फोन ठेवला. हिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"
"मला कुणी विचारलं?"
म्हणजे वर्षभर बोलत होतो ते त्याच्याशी. तेही अर्थासकट! आणि कवितावाचनाचा टोमणा... गाढव लेकाचा. उदाहरण मात्र चपखल.

१७ मार्च
माझी शेवटची खेळी. हातात 'फकीर', क्यूसकट. जिंकत होतो. तासभर तसाच बसलो.
लावला. अर्थाच्या जागी लिहिलं: "आठवत नाही. फोन करून सांग."

संध्याकाळ
फोन वाजतोय. ही जागची हलत नाही. म्हणते, "तुमचाय."