खुंटीवरचा कोट

बाबा, कापड उलट्या बाजूनं पाहायचं हे तुम्ही शिकवलं, अन् तेच मला भोवून राहिलं. पंडरीच्या कापडबाजारातल्या आपल्या ठोक दुकानात तुम्ही ताग्याची घडी उलटवायचात, कडेचा एक धागा ओढायचात अन् पेटल्या काडीवर धरायचात. राख झाली तर सूत, गोळी झाली तर भेसळ. नऊ वर्षांचा असताना मी तुमच्या नकळत एका ताग्याच्या बरोब्बर मधला धागा ओढला. कापड फाटलं नाही, पण आडवी रेघ उमटली ती उमटलीच. तुम्ही मारलं नाही. म्हणालात, "पोट्ट्या, धागा कडेचा काढायचा असते. अन् शंका आली तर काडी पेटव, डोकं नको पेटवू." तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. काडीपेक्षा डोकंच जास्त पेटतं माझं.

एक मुलगी आहे, बाबा. दुर्गची. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होती, आता पोलंडमधल्या एका लहानशा गावात राहते. कंपनीचं ऑफिस तिकडच्या मोठ्या शहरात, पण काम सारं लॅपटॉपवर अन् गावात भाडं कमी, म्हणून एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या माडीवर खोली घेतली. सकाळी कोपऱ्यावरून पाव आणते, दिवसभर काम, एकटीला कंटाळा आला की वाचनालयात जाऊन बसते. तिथे तिच्यासारखेच घरून काम करणारे चार-पाच जण असतात. रविवारी दुकानं बंद. चौकात कबुतरं अन् चर्चमधून परतणारी माणसं. ती हे सगळं सांगते अन् मी घडी उलटवून पाहतो. एकदा म्हणाली, चार वाजलेत. तिच्यामागं खिडकीत काळाकुट्ट अंधार. "दुपारी चारला अंधार? किसको बना रही है?" "अरे, इकडे हिवाळ्यात असंच असते. काहून खोटं बोलू मी?" फोन ठेवून मी शोधलं, तर खरं निघालं. तरी चैन नाही. रविवारी टेबलावर टोमॅटो दिसले, तर बंद दुकानातून आणले कोणी? शनिवारी आणले, म्हणाली. वाचनालयात पोट्टे किती, हे मी तीनदा विचारलं, दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, तर वाटलं, पाठ केलं असेल.

परवा संध्याकाळी, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, मागे खुंटीवर कोट दिसला. मर्दाना, जाड, खांद्यात ऐसपैस. मी गोल बाजारातून घेऊन दिलेलं जाकीट कुठंच नाही. झालं, पेटलो. "कोणाचा आहे तो? कॅमेरा घुमा. पूरा कमरा दिखा." तिनं फोन उचलून सावकाश फिरवला. पलंग. हीटरवर वाळत घातलेले मोजे. दार उघडून जिना, अन् खाली स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसलेली म्हातारी. म्हातारीनं सुरीसकट हात हलवला. "आजीच्या नवऱ्याचा कोट आहे. तो वारला. मले थंडी सोसत नाही म्हणून तिनं दिला. तुझं जाकीट मी त्याच्या आत घालते." असं म्हणून तिनं कोटाच्या बाहीतून जाकिटाची निळी बाही ओढून दाखवली. "झालं पाहून? आता तू फिरव."

मी नेहमी पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बोलतो. मित्राच्या खोलीवर अभ्यासाला बसलोय असं ती समजते. माझ्या समोर छतापर्यंत तागे आहेत, बाबा. तिसऱ्या वर्षी एका सरांशी हमरीतुमरी झाली, परत कॉलेजात गेलोच नाही. आता तुमच्याच दुकानात, तुमच्याच गादीवर बसतो. तिच्या लेखी मात्र माझं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. आधी वाटलं, सांगू, जरा थांबून सांगू. मग रोजच्या फोनला रोज एक नवी थाप लागू लागली, अन् जसजशा माझ्या थापा वाढल्या, तसतसं तिचं खरंही मला खोटं वाटू लागलं. "नेटवर्क जा रहा है," म्हणालो अन् फोन कापला. पंडरीत नेटवर्क भरपूर असते.

काल तिचा एवढाच मेसेज आला: "आलं का नेटवर्क?" तो मी उलटासुलटा वाचून राहिलो. खरंच विचारते, का ओळखलं तिनं? या वेळी धागा माझाच ओढायचा आहे, तर हात पुढे होत नाही. बिलाच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिलं. खरं तर सगळं तिलाच लिहायचं होतं. तुमच्याकडून उत्तर येत नाही, म्हणून वर बाबा लिहिलं.